घरच्या एस्प्रेसोसाठी आटोपशीर ग्राइंडर: निवडताना नेमकं काय बघायचं

एस्प्रेसो मशीनमधला पंप पाणी ढकलतो. त्या पाण्याला अडवून धरायचं काम मात्र कॉफीच्या पुडीचं असतं. साधारण ९ बार दाबाखालचं, ९० अंश सेल्सिअसच्या पुढचं पाणी बास्केटमधल्या, म्हणजे पूड भरायच्या जाळीदार तळाच्या वाटीतल्या, १८ ग्रॅम पुडीच्या थरातून वाट काढतं आणि २५ ते ३० सेकंदांत कपात सुमारे ३६ ग्रॅम कॉफी उतरते. हे सेकंद मुख्यतः पुडीच्या हातात असतात. दळण भरड असेल तर पाणी दहा-बारा सेकंदांत धो धो निघून जातं आणि कॉफी पाणचट, आंबट लागते. फारच बारीक असेल तर धार धरतच नाही, थेंब थेंब पडत राहतो आणि जे मिळतं ते कडूजहर असतं. म्हणून पैसे आधी कशात घालावेत असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: ग्राइंडरमध्ये. साध्या मशीनला चांगलं दळण दिलं तर उत्तम एस्प्रेसो निघते. वाईट दळण सुधारणारं मशीन मात्र कुठल्याही किमतीत मिळत नाही.

दळणाला एवढं महत्त्व आलं ते दाब वाढल्यामुळे. सुरुवातीची मशीनं वाफेच्या जोरावर चालायची आणि त्यांचा दाब जेमतेम दीड-दोन बार असायचा. १९४८ मध्ये मिलानच्या आकिले गाज्जियाची लिव्हरची मशीनं बाजारात आली, दाब कितीतरी पटींनी वाढला, आणि कॉफीवर क्रेमाची ती सोनेरी-तपकिरी साय दिसायला लागली. एवढ्या दाबाचं पाणी अर्धा मिनिट रोखायचं तर पूड नेमक्या मापाची हवी आणि रोज तशीच हवी. फ्रेंच प्रेसमध्ये किंवा गाळून केलेल्या कॉफीत दळण थोडं इकडेतिकडे झालं तर चव जराशी बदलते. एस्प्रेसोत तेवढ्यानं अख्खा कप फसतो.

याला एक अपवाद आहे. बऱ्याच सुरुवातीच्या मशीनसोबत दुहेरी तळाची बास्केट येते. तिच्या तळाला एकच सूक्ष्म भोक असतं आणि पाणी अडवायचं काम ते भोकच करतं. अशा बास्केटमध्ये कसंही दळण चालतं, फेसही येतो, पण तो फेस भोकातून जोरात बाहेर पडण्यामुळे आलेला असतो. तुम्ही हीच बास्केट वापरणार असाल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. एकेरी तळाच्या बास्केटवर यायचं असेल तर मात्र ग्राइंडरचा प्रश्न टाळता येत नाही.

एका खाचेचा हिशोब

ग्राइंडरच्या पोटात जात्यासारखीच रचना असते: दोन भाग, एक जागच्या जागी, दुसरा फिरता, आणि दोघांच्या मधली फट. फरक एवढाच, की इथे दगडाऐवजी धारदार दाते कोरलेलं पोलाद असतं. दाणा वरून आत ओढला जातो, मोठ्या दात्यांत फुटतो, कडेकडे सरकता सरकता बारीक होतो आणि फटीतून मावेल एवढा झाला की बाहेर पडतो. या दोन भागांना बर्र म्हणतात. पातं गरगर फिरवून कॉफी तोडणारे ग्राइंडर एस्प्रेसोसाठी इथेच बाद होतात, कारण त्यांत फट नसते. किती वेळ बटण दाबलं एवढंच हातात असतं, आणि त्यातून अर्धी पूड पिठूळ, अर्धी भरड निघते.

फट किती लहान टप्प्यांनी, म्हणजे खाचांनी, बदलता येते, हा ग्राइंडरला विचारायचा पहिला प्रश्न. जाहिरातीत हे ठळक अक्षरांत क्वचितच येतं, म्हणून जरा आकडेमोड करू या. कणांच्या थरातून पाणी किती सहज वाहतं, हे ढोबळमानाने कणांच्या आकाराच्या वर्गावर ठरतं. समजा ३०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या कणांनी तुमचा शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, २८ सेकंदांत होतो. कण १० मायक्रॉननं बारीक केले तर तोच शॉट ३० सेकंदांवर जातो. ३० मायक्रॉननं बारीक केले तर साडेचौतीसच्या पुढे. प्रत्यक्षात बास्केटमध्ये याहून गुंतागुंतीचं काही चालतं, पण अंदाज येण्यापुरतं हे गणित पुरेसं आहे. दोन खाचांमधलं अंतर मोठं असेल तर एका खाचेवर शॉट २२ सेकंदांत पळतो, पुढच्या खाचेवर ३५ सेकंद रेंगाळतो, आणि तुम्हाला हवी असलेली जागा दोघांच्या मध्ये, जिथे खाचच नाही. मग माणूस पूड अर्धा ग्रॅम वाढवतो, कमी करतो, टॅम्पिंगला, म्हणजे बास्केटमधली पूड दाबून बसवण्याला, दोष देतो. दोष टॅम्पिंगचा नसतोच.

हातानं फिरवायच्या ग्राइंडरमध्ये हा आकडा उत्पादक बहुधा सांगतात. कमांडांटे सी४० मध्ये एका खाचेला बर्र सुमारे ३० मायक्रॉन सरकतो. त्यावर रेड क्लिक्स नावाचा जोडभाग बसवला की तो निम्म्यावर येतो. वनझीप्रेसोच्या के-अल्ट्रात २०, किनग्राइंडर के६ मध्ये १६, तर वनझीप्रेसोच्या जे-अल्ट्रात ८ मायक्रॉन. सी४० गाळून केलेल्या कॉफीसाठी अप्रतिम आहे, पण रोजच्या एस्प्रेसोसाठी तो मूळ रूपात मी कुणाला सुचवणार नाही. सोळापर्यंत काम निभावतं, आठ-दहावर आलं की खरी मोकळीक मिळते.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. शंकूच्या आकाराच्या बर्रमध्ये हा आकडा बर्र वर-खाली किती सरकतो याचा असतो. भिंती तिरक्या असल्यामुळे प्रत्यक्ष फट त्याहून कमी बदलते. चपट्या, समोरासमोर बसणाऱ्या बर्रमध्ये मात्र जेवढं सरकणं तेवढीच फट. त्यामुळे एका प्रकारचा मायक्रॉनचा आकडा दुसऱ्या प्रकाराच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नये.

विजेच्या ग्राइंडरमध्ये दोन पद्धती दिसतात. एक खाचांची. बराट्झाच्या एन्कोर ईएसपीवर ४० खाचा आहेत आणि त्यातल्या पहिल्या २० खास एस्प्रेसोसाठी बारीक अंतरानं दिलेल्या आहेत, उरलेल्या भरड दळणासाठी. मला ही मांडणी फार आवडते, कारण जिथे बारकाई लागते तिथेच ती खर्च केली आहे. दुसरी पद्धत विनाखाचांची: गोल कडं फिरवत जायचं, कुठेही थांबायचं. युरेका मिन्योन स्पेशालिता, नीश झीरो, डीएफ६४ हे सगळे या गटातले. एस्प्रेसोपुरतं बोलायचं तर विनाखाचांची पद्धत सरस. पण सकाळी एस्प्रेसो आणि संध्याकाळी गाळलेली कॉफी असा क्रम असेल, तर रोज जुन्या जागी अचूक परत यावं लागतं. तेव्हा कड्यावरच्या रेघा ठळक आहेत का आणि कडं थरथरीनं आपोआप सरकत नाही ना, हे बघून घ्या.

बारीक कणांची गोष्ट

कुठलाही बर्र सगळे कण एका मापाचे काढत नाही. दाणा ठिसूळ असतो. तो फुटताना मोठ्या तुकड्यांसोबत भुकटीही उडतेच. एस्प्रेसोचं दळण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दोन गट दिसतात: तीनशे मायक्रॉनच्या आसपासचे मोठे कण आणि शंभराच्या खालची भुकटी. वजनात ही भुकटी थोडी असते. पण कणाचा व्यास दहापट लहान झाला की दर ग्रॅममागे पृष्ठभाग दहापट वाढतो, म्हणून पाण्याला भिडणारा पृष्ठभाग मोठ्या प्रमाणात याच भुकटीचा असतो. मोठ्या कणांच्या मधल्या जागा तीच बुजवते. ती अजिबात नसेल तर एस्प्रेसोला अंगच येत नाही. जास्त झाली तर थर तुंबतो, आणि दाबाखालचं पाणी सगळीकडून सारखं जायचं सोडून जिथे फट सापडेल तिथून घुसतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायची दांड्याची पकड) वापरून बघा. दळण चांगलं असेल तर पाच-सात सेकंदांनी जाळीच्या खाली सगळीकडे गडद थेंब उमटतात, ते मध्याकडे सरकतात आणि एक जाड, तेलकट धार तयार होते, हळूहळू गडद तपकिरीवरून सोनेरी होत जाणारी. दळण बिघडलेलं असेल तर एका कोपऱ्यातून फिकट पिवळी चिळकांडी उडते, ओट्यावर शिंतोडे पडतात आणि उरलेली जाळी कोरडीच राहते. त्या एका वाटेवरच्या पुडीतून नको तेवढं सगळं निघून येतं, बाकीच्या पुडीला पाणी नीट लागतच नाही. म्हणूनच असा कप एकाच वेळी कडूही लागतो आणि आंबटही.

याचसंदर्भात २०२० मध्ये ‘मॅटर’ या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला होता. दळण जितकं बारीक तितका अर्क जास्त, असं सगळे धरून चालतात. त्या अभ्यासात दिसलं, की एका मर्यादेपर्यंतच ते खरं आहे. त्याहून बारीक गेलं की पाणी थरातून असमान वाहतं, अर्क उलट घटतो आणि दर शॉटला वेगळी चव येते. त्यामुळे ‘हा ग्राइंडर अगदी पिठासारखं दळतो’ हे काही कौतुक नव्हे. हव्या त्या मापावर तो किती सातत्यानं थांबतो, हे कौतुक.

शंकूच्या बर्रमधून साधारणपणे भुकटी जरा जास्त निघते, कॉफी दाट आणि गोलसर लागते. चपट्या बर्रची कॉफी बऱ्याचदा अधिक स्वच्छ, वेगवेगळे स्वाद सुटे कळणारी. ‘साधारणपणे’ हा शब्द मुद्दाम वापरला, कारण दात्यांची ठेवण बदलली की हे चित्रही बदलतं. गडद भाजलेली कॉफी, दूध घालून पिणं, असं असेल तर शंकूचा बर्र डोळे झाकून घ्यावा. फिकट भाजलेल्या दाण्यांमधले फळांचे, फुलांचे स्वाद शोधत असाल तर चपट्याकडे वळण्यात अर्थ आहे.

आटोपशीर म्हणजे नेमकं काय लहान

इथे खरेदीदार बहुतेकदा फसतात. ग्राइंडर लहान करायचा तर तीन-चार गोष्टींपैकी काहीतरी कमी करावं लागतं: दाण्यांचा डबा, मोटर, बर्र, किंवा आसाचा दणकटपणा. डबा कमी केला तर काहीच बिघडत नाही, उलट बरंच. मोटर लहान आणि सावकाश फिरणारी असली तरी हरकत नाही, फक्त तिला ताकद हवी. बर्र लहान असला तर दळायला वेळ लागतो. आस मात्र कमजोर असून चालतच नाही. बर्र कितीही चांगल्या पोलादाचा असो, तो ज्या दांड्यावर फिरतो तो दांडा डुगडुगला तर फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होते, आणि मग एकाच वेळी दोन मापांची पूड बाहेर पडते.

चपट्या बर्रमध्ये हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. मशीन बंद करून, वायर काढून, बर्रच्या अगदी बाहेरच्या सपाट कडेवर पांढऱ्या फळ्यावर वापरतात तो मार्कर फिरवायचा. मग बर्र परत बसवून, हातानं फिरवत, दोन्ही एकमेकांना जेमतेम घासतील एवढी फट आवळायची आणि उघडून बघायचं. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली असेल तर बर्र समांतर आहेत. एकाच बाजूची पुसली आणि समोरची जशीच्या तशी राहिली, तर बर्र तिरपे बसलेत. पुष्कळदा बर्रखाली अडकलेली जुनी पूड हेच कारण निघतं, ती झटकली की काम होतं. हाताच्या ग्राइंडरमध्ये परीक्षा आणखी सोपी: बर्र ज्यावर फिरतो तो दांडा बोटांत धरून बाजूला हलवून बघा. आस दोन ठिकाणी बेअरिंगमध्ये धरलेला असेल आणि कणभरही हलत नसेल, तर तो ग्राइंडर घ्यायच्या लायकीचा.

बर्रच्या व्यासाबद्दल फार मोठे दावे केले जातात. व्यास मोठा असेल तर दळण पटकन होतं, मोठ्या व्यासात दात्यांना लांबी जास्त मिळते, हे खरं. पण नुसता व्यास म्हणजे दर्जा नव्हे. चांगला घडवलेला, घट्ट बसवलेला ४८ मिलिमीटरचा शंकू निष्काळजीपणे जोडलेल्या ६४ मिलिमीटरच्या चपट्या बर्रपेक्षा केव्हाही चांगला. ऑप्शन-ओचा लॅगोम मिनी विजेवर चालतो आणि ४८ मिलिमीटरच्या शंकूवर उभा आहे. डीएफ५४ मध्ये ५४ मिलिमीटरचे चपटे बर्र आहेत, मिन्योन स्पेशालितात ५५ चे. नीश झीरोत ६३ मिलिमीटरचा शंकू बसवलेला असूनही तो ओट्यावर फारशी जागा खात नाही, कारण त्याला वर उंच डबाच नाही. उंचीचं काय ते मोजून घ्यायचं असेल तर नुसत्या ग्राइंडरची नको, त्याचं झाकण किंवा वरची मान उघडल्यावर जी उंची होते तिची मापं घ्या. वर कपाट असेल तर दाणे ओतताना दर वेळी ग्राइंडर पुढे ओढावा लागतो, आणि रोज सकाळी ते नकोसं होतं.

मशीनमध्येच ग्राइंडर बसवलेले प्रकारही जागा वाचवतात. मी ते टाळायला सांगेन. त्यातला ग्राइंडर बहुधा मशीनच्या मानानं दुबळा असतो, आणि एक भाग बिघडला की दोन्ही दुरुस्तीला जातात. वेगळा ग्राइंडर उद्या मशीन बदललं तरी सोबत राहतो.

आत अडकणारी पूड

घरी दिवसाला दोन-तीन कप होतात. अशा वापरात डब्यात पाव किलो दाणे भरून ठेवायचं काही कारण नाही. ते हवेत शिळे होतात. त्याऐवजी एका कपापुरते दाणे वजन करून घालायचे आणि तेवढेच दळायचे, ही पद्धत घरासाठी सगळ्यात योग्य. पण तिच्यासाठी ग्राइंडरच्या आत पूड अडकून राहता कामा नये. जुन्या धाटणीच्या ग्राइंडरमध्ये बर्रच्या खोलीत आणि बाहेर येणाऱ्या नळीत कित्येक ग्रॅम पूड साचून राहते. काल दळलेली शिळी पूड आजच्या कपात येते. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही दळण एक खाच बारीक केलंत, तरी पहिल्या शॉटमध्ये निम्मंशिम्मं जुन्या खाचेचंच पडतं, आणि बदल लागू पडला की नाही हेच कळत नाही.

१८ ग्रॅम घातले आणि १८ ग्रॅम निघाले, म्हणजे आत काहीच अडकत नाही, असं मात्र समजू नका. आत दोन ग्रॅम कायमची साचून असतील, तर नवी पूड त्यातली काही जुनी बाहेर ढकलते आणि स्वतः तिची जागा घेते. वजन बरोबर जुळतं, पूड मात्र मिसळलेली असते. खरं उत्तर ग्राइंडर उघडून, आत ब्रश फिरवून, जे पडेल त्याचं वजन केल्यावरच मिळतं. तोंडावर रबरी भाता असलेले ग्राइंडर शेवटी दोन फुंकर मारून ही पूड बाहेर काढतात. भाता उपयोगी आहे, पण मुळात खोली लहान आणि उतार सरळ असेल तर त्याची गरजच कमी पडते.

पूड अडकण्याचं दुसरं कारण म्हणजे स्थिर विद्युत. दाणे फुटताना आणि घासताना कणांवर विद्युतभार येतो, पूड भांड्याच्या कडांना चिकटते, ओट्यावर उडते. त्यावरचा उपाय जुना आणि जवळपास फुकट: दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून किंवा हलकासा फवारा मारून ते हलवून घ्यायचे. २०२३ मध्ये ‘मॅटर’मध्येच आलेल्या संशोधनात ओरेगन विद्यापीठातल्या गटानं हे मोजून दाखवलं. थोडं पाणी मिसळल्यावर भार घटतो, गुठळ्या कमी होतात, आणि त्याच दाण्यांचा, त्याच खाचेवरचा शॉट जास्त वेळ घेतो व कॉफी अधिक कडक उतरते. म्हणजे पाणी शिंपडायची सवय लावायची असेल तर रोज लावा. एक दिवस शिंपडलं आणि एक दिवस नाही, असं केलं तर दळणाची जागाच हलते.

हात की वीज

आटोपशीर आणि दर्जेदार, या दोन्ही अटी खरोखर पाळायच्या असतील तर हाताचा ग्राइंडर हे सगळ्यात सरळ उत्तर आहे. त्याच्या किमतीतला जवळजवळ सगळा पैसा बर्र, बेअरिंग आणि धातूच्या घडणीत जातो. मोटर नाही, सर्किट नाही. तो कपाटात राहतो, प्रवासाला येतो, भल्या पहाटे घर जागं करत नाही. १८ ग्रॅम एस्प्रेसोइतके बारीक दळायला पाऊण ते दीड मिनिट लागतं. गडद भाजलेले दाणे ठिसूळ असतात, ते सहज दळले जातात. फिकट भाजलेले दाणे मात्र कडक. त्यांना दळताना मनगट, खांदा, सगळं कामाला लागतं. हातात ग्राइंडर धरून ठेवायची पकड महत्त्वाची, कारण हात लहान आणि नळकांडं जाड असेल तर जोर लागत नाही. सांधेदुखी असेल, किंवा घरात चार जणांना पाठोपाठ कॉफी लागत असेल, तर हा मार्ग निवडू नका. दोन दिवसांचा उत्साह तिसऱ्या दिवशी टिकणार नाही आणि ग्राइंडर पडून राहील.

विजेच्या ग्राइंडरमध्ये मी वेगाला सगळ्यात कमी किंमत देतो. दळायला आठ सेकंदांऐवजी पंचवीस लागले तर घरी काय बिघडतं? तेवढ्यात मशीनमधून थोडं पाणी सोडून कप गरम करून होतो. सेकंदांवर चालणारा टायमर, पडदा, ॲप, यांवर पैसे घालू नयेत. दाणे आणि पूड वजनकाट्यावर मोजली की टायमर लागतच नाही. त्यापेक्षा एक गोष्ट दुकानात किंवा ओळखीच्या घरी आवर्जून बघा: फिकट भाजलेले दाणे घालून सर्वात बारीक दळणावर मोटर अडखळते का. लहान मोटरची खरी परीक्षा तिथे होते. ग्राइंडर फार हलका असेल तर दळताना ओट्यावर सरकतो, त्याला एका हातानं धरून ठेवावं लागतं. म्हणून पसारा लहान असावा, वजन मात्र असू द्यावं.

साफसफाईचं दोन वाक्यांत सांगतो. वरचा बर्र दोन-तीन स्क्रूंत किंवा नुसता फिरवून निघावा आणि परत बसवल्यावर दळणाची जागा हलू नये. पोलादी बर्र पाण्यानं धुऊ नयेत, आणि आत कोरडे तांदूळ घालून सफाई करायची युक्ती वापरू नये, कारण तांदूळ कॉफीपेक्षा कडक असतो आणि लहान मोटरला त्याचा ताण पडतो.

घरी आणल्यावर

नवा ग्राइंडर आणला की सर्वात आधी त्याचं शून्य शोधा. विजेचा असेल तर रिकामा चालू ठेवून कडं हळूहळू बारीककडे न्यायचं. बर्र एकमेकांना टेकले की चिरका, टिपटिप असा आवाज येतो. तिथेच थांबायचं, लगेच किंचित मागे यायचं आणि त्या जागेवर खूण करायची. हाताच्या ग्राइंडरमध्ये वरचा फिरवायचा दांडा स्वतःच्या वजनानं फिरायचा थांबतो ती जागा शून्य धरतात. कागदावर छापलेले ‘एस्प्रेसो’चे आकडे सरासरी असतात, तुमच्या नगाचं शून्य थोडं वेगळं असू शकतं.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी हे पक्कं धरायचं आणि फक्त दळण हलवायचं. शॉट १८ सेकंदांत पळाला तर दोन-तीन खाचा बारीक, ४० वर गेला तर भरड. खाच बदलल्यावर दोन-तीन ग्रॅम दाणे दळून टाकून द्यायचे, म्हणजे जुनी पूड निघून जाते. पहिली काही किलो कॉफी दळून होईपर्यंत नव्या बर्रचे दाते थोडे बसत जातात, त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत जागा हलली तर ग्राइंडर बिघडला असं समजू नका.

दाण्यांनीही जागा हलते. भाजल्यानंतर दाण्यांमधून कर्बवायू बाहेर पडत राहतो. तो जसजसा कमी होतो तसतसा त्याच खाचेवरचा शॉट वेगानं उतरायला लागतो, आणि दर दोन-चार दिवसांनी दळण कणभर बारीक करावं लागतं. एकेका कपाची मापं करून, हवाबंद ठेवून दाणे गोठवले तर ही घसरण जवळपास थांबते. शिवाय २०१६ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये छापलेल्या एका प्रयोगात दिसलं, की थंड दाण्यांचं दळण अधिक बारीक आणि एकसारखं होतं. म्हणजे गोठवलेले दाणे थेट दळणार असाल, तर साध्या दाण्यांच्या खाचेपासून एक-दोन खाचा भरड सुरुवात करा आणि तिथून पुढे सेकंद मोजत जा.